जुनं लाकडी घर बागेकडे वाढवायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

बहुतेक जुनी लाकडी घरं बागेकडे पाठ करून उभी असतात. बसायची खोली पुढे, आणि मागच्या बाजूला वेळोवेळी चिकटवलेली मोरी, अडगळीची खोली, धुण्याची जागा, आणि त्यातल्याच एका अरुंद दारातून बाहेर पडलं की बाग. म्हणजे बाग आपलीच, पण घरात बसून ती दिसत नाही, आणि तिथे जायचं तर बादल्या आणि चपलांचा ढीग ओलांडून जायचं. मग कधीतरी घरात विषय निघतो की मागे एक मोठी खोली काढूया, काचेची दारं लावूया, आणि लगेच सगळे फोनवर फोटो बघायला लागतात.

फोटो बघा, त्यात काही चूक नाही. पण आमच्या घराचं काम झाल्यावर आणि नंतर ओळखीच्यांच्या दोन-तीन घरांच्या कामात रोज जाऊन उभं राहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की लाकडी घर वाढवताना खरं काम नव्या खोलीचं नसतंच, ते सांध्याचं असतं. जुनं आणि नवं जिथे भेटतं ती जेमतेम फूटभराची पट्टी, तिथून पाणी कुठे जातं, जुन्या लाकडाला हवा मिळते का, आणि दोन्ही भागांना आपापलं हलायला जागा आहे का, या तीन गोष्टी जमल्या तर बाकी सगळं नंतर बदलता येतं. त्या बिघडल्या तर कितीही सुंदर दारं लावा, दहा वर्षांत मागची भिंत उघडावी लागते. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात सांध्याबद्दलच जास्त आहे.

पायरी १: आधी बघत बसा

ड्रॉइंग काढायच्या आधी निदान काही महिने नुसतं बघा. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन मागे जाऊन उभं राहायचं आणि पागोळ्या कुठे पडतात, पन्हळ कुठे भरून वाहते, बागेतलं पाणी घराकडे येतंय की घरापासून लांब जातंय, कुठल्या भिंतीवर झड बसते ते बघायचं, फोटो काढून ठेवायचे. हे नंतर इंजिनिअरला दाखवलं की त्याचे दहा प्रश्न वाचतात.

ऊन पण बघा. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला असाल तर दुपारचं ऊन मुख्यतः दक्षिणेकडून येणार, दक्षिणेला असाल तर उत्तरेकडून, आणि ते उंचावरून येतं म्हणून छपराच्या पुढे आलेल्या भागाने अडवता येतं. पश्चिमेचं ऊन तसं नसतं, ते खालून तिरकं घुसतं आणि छपराला दाद देत नाही, त्यामुळे बाग पश्चिमेला असेल तर मोठ्या काचा लावायच्या आधी झाड, वेल, बाहेरचा पडदा यांचा विचार आधी करा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. खुंट्या ठोकून सुतळीने नव्या खोलीचा आकार जमिनीवर आखा, आणि आत दोन खुर्च्या टाकून आठवडाभर संध्याकाळी तिथे बसा. आम्ही ५ मीटर बाहेर येणार होतो, सुतळी बांधल्यावर लक्षात आलं की ज्या झाडाखाली आम्ही रोज बसतो तेच खोलीच्या भिंतीला चिकटतंय आणि बसायला बाग उरतच नाहीये. खोली ३.५ मीटरवर आली, आणि आता मला वाटतं ३ सुद्धा पुरली असती.

पायरी २: जुन्या घराची तब्येत

लागणाऱ्या वस्तू: चांगला टॉर्च, टोचा किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर, लाकडाची ओल मोजायचा मॉइश्चर मीटर (दोन पिना टोचायचा साधा मीटर चालतो), आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी.

टोचा घेऊन जमिनीजवळचं सगळं लाकूड तपासायचं. सगळ्यात खालची आडवी पट्टी जिच्यावर भिंत उभी असते, खांबांचे पाय, खिडक्यांखालचे कोपरे, मोरीच्या भिंतीमागची बाजू. चांगलं लाकूड टोच्याला अडवतं, कुजलेलं आत घेतं. वरून रंग अगदी चकचकीत असू शकतो, त्यावर जाऊ नका. मीटरचे आकडे लिहून ठेवा: कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते, त्यामुळे १२-१५ दिसलं तर निर्धास्त राहा, १८-२० दिसलं तर पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि २५ च्या पुढे असेल तर तिथे आत काहीतरी चालू आहे असंच धरून चाला.

वाळवी मातीच्या बारीक नळ्या करून जोत्यावरून वर चढते, त्या नळ्या टॉर्चच्या उजेडात सहज दिसतात. लाकूड पोखरणाऱ्या किड्याची बारीक भोकं दिसली तर खाली ताजा भुसा पडतोय का बघा, कारण जुनी भोकं नुसती खूण असतात, ताजी पिठासारखी भुकटी म्हणजे कीड अजून आत आहे. दोन्हीपैकी काही सापडलं तर आधी त्याचा बंदोबस्त, मग बांधकाम. उलटं केलंत तर नवीन लाकूड त्यांना वाढून ठेवल्यासारखं होतं.

पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने घराच्या चारही कोपऱ्यांची लेव्हल काढा, नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीवर राहतं. जुनं घर दोन-चार सेंटिमीटर बसलेलं असणारच, त्याने घाबरायचं नाही, पण ते अजून बसतंय का हे कळायला हवं आणि नवीन फरशीची लेव्हल नेमकी कुठल्या कोपऱ्याला जुळवायची तेही आताच ठरवायला हवं.

दोन गोष्टींची मात्र खरंच भीती बाळगा. एक, जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही, घरात लहान मुलं असतील तर अजिबात नाही. दुसरं, मागच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते फोडायचे, कापायचे, त्यांना ड्रिल मारायचं नाही. आधी तपासून घ्या आणि ते काढायचं काम त्यातल्या माहितगार लोकांनाच द्या.

पायरी ३: माणसं आणि कागद

इंजिनिअर असा शोधा ज्याने लाकडी घरावर काम केलंय. फक्त काँक्रीटची सवय असलेला माणूस भिंत दिसली की ती जड आणि ताठ धरून हिशोब करतो, लाकडी घर तसं वागत नाही. सुतार तर कंत्राटदाराच्याही आधी शोधा. स्थानिक परवानगी, हद्दीपासूनचं अंतर, घर वारसा यादीत आहे का, झाड तोडायला परवानगी लागते का, हे सगळं ड्रॉइंग फायनल व्हायच्या आत. विमा असेल तर त्यांनाही कळवा. आणि काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घराचा आतून-बाहेरून कोपरा न् कोपरा फोटोत घ्या, आधीच्या भेगा कुठल्या आणि नव्या कुठल्या यावरून नंतर वाद होत नाहीत.

पायरी ४: किती बांधायचं, आणि कुठे

पहिल्यांदा वाढवायचं नाही, काढायचं. मागे जी मोरी-अडगळ-शेड चिकटवलेली असते ती बहुतेक वेळा मूळ घराची नसतेच, नंतरची असते, आणि सगळ्यात जास्त कुजलेली पण तीच असते. ती काढून टाकली आणि मूळ मागच्या भिंतीत एक चांगलं रुंद दार पाडलं की अर्ध्या लोकांचं काम तिथेच होतं असं मी बघितलंय. बागेशी नातं जोडायला नेहमी खोली लागत नाही, कधीकधी एक दार आणि एक पडवी पुरते.

खोली काढायचीच असेल तर सगळे जी चूक करतात ती आधी समजून घ्या. घराच्या पूर्ण रुंदीला मागे ४ मीटरची खोली लावली की जी खोली आतापर्यंत मागची होती ती मधली होते, तिच्या खिडक्या जातात, आणि ती अंधारी होते. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंतच कामाचा असतो. दाराची वरची कड २.१ मीटरवर असेल तर पाचएक मीटर, बस. म्हणजे ४ मीटर नवी खोली आणि त्यामागे ४ मीटर जुनी, यात जुनीच्या वाट्याला फार काही येत नाही. सगळा खर्च करून घराच्या मध्यभागी दिवसा दिवा लावायची वेळ येते, आणि बाग आधी होती त्याहून लांब गेल्यासारखी वाटते.

यावर उपाय आहेत. नवी खोली अर्ध्याच रुंदीला लावा म्हणजे उरलेल्या बाजूने जुन्या खोलीला खिडकी राहते आणि मध्ये काटकोनात एक छान आडोशाची जागा मिळते. किंवा नवी खोली घराला न चिकटवता थोडी लांब बांधा आणि दोन्हीला एका बारीक, ठेंगण्या, काचेच्या बोळाने जोडा. लाकडी घराला हा दुसरा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण जुन्या भिंतीला लागणारा सांधा १०-१२ मीटरऐवजी दीड मीटरचा होतो, आणि जेवढा सांधा लहान तेवढी गळती लहान.

जपानमध्ये क्योतोला कात्सुरा नावाचा १७व्या शतकातला लाकडी राजवाडा आहे, तो टप्प्याटप्प्याने वाढवला गेला, आणि प्रत्येक नवा भाग आधीच्याच्या मागे सरळ न लावता कर्णात थोडा सरकवून लावलाय, उडणाऱ्या बगळ्यांची माळ असते ना तशी तिरकी रांग. त्यामुळे प्रत्येक भागाला बागेची आपली बाजू मिळाली आणि हवाही खेळती राहिली. त्याचा प्लॅन नक्की बघा, आपलं घर दोन खोल्यांचं असलं तरी युक्ती तीच लागू पडते.

आता छप्पर. जुन्या घराच्या वळचणीखालून नवं उतरतं छप्पर काढायचा मोह होतो कारण ते सोपं दिसतं. पण हिशोब करा. वळचण २.४ मीटरवर आहे, पत्र्याला कमीत कमी ५ अंश उतार धरला तरी दर मीटरला जवळपास ९ सेंटिमीटर उंची जाते, ४ मीटरला ३५, त्यात छपराची जाडी १५-२० सेंटिमीटर, म्हणजे बागेच्या बाजूला डोक्यावर १.९ मीटरसुद्धा उरत नाही, नेमकं जिथे मोकळं वाटायला हवं तिथेच छप्पर अंगावर येतं. कौलं असतील तर त्यांना याच्या कितीतरी पट उतार लागतो, मग हा प्रकार जमतच नाही. मग एकतर नव्या खोलीची जमीन दोन पायऱ्या खाली न्या, किंवा छप्पर उलटं बागेकडे वर चढतं करा. पण चढतं केलंत तर सगळं पाणी जुन्या भिंतीकडे येणार, दोघांच्या मधल्या पन्हळीत, आणि ती पन्हळ एकदा पानांनी तुंबली की पाणी सरळ घरात. मी तरी लाकडी घराला भिंतीलगतची अशी बंदिस्त पन्हळ कधी करणार नाही. बारीक बोळाने जोडलेली वेगळी खोली असेल तर हा प्रश्नच येत नाही, दोन्ही छपरांचं पाणी आपापलं बाहेर पडतं.

पायरी ५: जमिनीची लेव्हल

घरातून बागेत जाणं किती सहज वाटेल हे काचेपेक्षा पायऱ्यांवर ठरतं. जुन्या लाकडी घराची जमीन बाहेरच्यापेक्षा बऱ्याचदा अर्धा-पाऊण मीटर उंच असते आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, लाकूड मातीपासून लांब राहावं म्हणून. समजा फरक ६० सेंटिमीटरचा आहे. १५ सेंटिमीटरचे चार चढ आणि ३० सेंटिमीटर रुंद पायऱ्या केल्या तर मीटरभरात खाली उतरता येतं, पण त्या दाराएवढ्याच अरुंद केल्या तर नुसता जिना होतो. त्याच पायऱ्या खोलीच्या पूर्ण रुंदीच्या करा, लोक त्यावर बसतात, मुलं खेळतात, कुंड्या येतात, आणि बाग तिथूनच सुरू होते. घरात वयस्कर माणसं किंवा व्हीलचेअर असेल तर रॅम्पला १ ला १२ चा उतार धरतात, ६० सेंटिमीटरला ७ मीटरच्या वर लांबी लागते, ती बागेच्या वाटेतच वळवून बसवा म्हणजे वेगळी चिकटवलेली दिसत नाही.

आतली आणि बाहेरची जमीन एकदम सपाट, उंबरठाच नाही, असं हवं असतं सगळ्यांना. करता येतं, पण मग दाराच्या पूर्ण रुंदीला बाहेरून जाळीची गटार द्यायची, बाहेरच्या फरशीला मीटरला दीड सेंटिमीटर तरी उतार घरापासून लांब द्यायचा, आणि वर छप्पर पुढे काढायचं. यातलं एक जरी वगळायचं असेल तर एक पायरी ठेवा. आणि बाजूच्या भिंतींचं लाकूड कुठेही मातीपासून किंवा फरशीपासून निदान १५ सेंटिमीटर वर राहिलं पाहिजे, हा आकडा पाठच करा, कारण बाग करणारा माणूस नंतर हौसेने माती टाकत टाकत भिंतीपर्यंत आणतोच.

पायरी ६: पाया आणि झाडं

नवं बांधकाम पहिल्या एक-दोन वर्षांत थोडं बसतं. जुनं घर कधीच बसून स्थिर झालेलं असतं. म्हणून दोघांना घट्ट बांधायचं नाही. जुन्या पायाच्या अगदी लगत, त्याच्याहून खोल खणायचं तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय फावडं लावू देऊ नका, बाजूची माती सुटली की जुन्या पायाखालचा आधार जातो.

झाड वाचवायचं असेल तर एक अंदाज सांगते: छातीच्या उंचीला खोडाचा जो व्यास असेल त्याच्या १२ पट अंतरात मुळं महत्त्वाची धरतात. ३० सेंटिमीटरचं खोड असेल तर सुमारे ३.६ मीटर. आणि बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात, त्यामुळे सलग चर खणला की झाडाची अर्धी मुळं एकाच दिवसात जातात, झाड मात्र दोन-तीन वर्षांनी सुकायला लागतं आणि तोपर्यंत कोणाला आठवतही नाही. त्याऐवजी सुटे सुटे खड्डे हाताने खणून किंवा जमिनीत फिरवून बसवायचे लोखंडी स्क्रू-पाइल घेऊन त्यावर तुळया टाकल्या तर मुळं मधून राहतात. लाकडी घराला हा पाया शोभतो पण, कारण नवी खोलीही जमिनीपासून उचललेली राहते. आणि मटेरियलचा ट्रक, वाळूचे ढीग झाडाखाली नकोत, पहिल्याच दिवशी दोरी बांधून टाका.

पायरी ७: जुन्या जमिनीखालची हवा

हे मी सगळ्यात कळकळीने लिहितेय कारण आमच्याकडे हेच चुकलं होतं, या कामात नाही, त्याच्या आधी मागे ओटा घातला होता तेव्हा. लाकडी जमिनीखाली जी पोकळी असते तिला जोत्यात झरोके असतात, एका बाजूने हवा शिरते दुसऱ्या बाजूने निघते. कंत्राटदाराने काँक्रीटचा ओटा घालताना मागचे तिन्ही झरोके बुजवले, आणि आम्हाला ते झरोके कशाचे हे माहीतच नव्हतं. तीन-चार वर्षांनी मधल्या खोलीच्या एका कोपऱ्यात चालताना जमीन दबल्यासारखी वाटायला लागली आणि पावसात ओल्या पोत्यासारखा वास यायचा. सुतारकाकांनी दोन फळ्या उचकटल्या, खालच्या कडीला (म्हणजे फळ्या ज्यावर टेकतात त्या आडव्या लाकडाला) बोट लावलं तर तिचे चौकोनी तुकडे पडले, जळक्या कोळशासारखे, आणि त्यावर पांढरं कापसासारखं पसरलेलं. ते म्हणाले, "ताई, भिजलं तर भिजू दे, पण वाळायला जागा ठेवा ना त्याला." सहा कड्या बदलाव्या लागल्या.

तर नवी खोली काँक्रीटच्या जमिनीची असेल तर जुने झरोके जिथे बंद होतात तिथून नव्या जमिनीच्या खालून पाइप टाकून बाहेरच्या भिंतीपर्यंत न्या, तोंडाला जाळी लावा, आणि हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं काँक्रीटच्या दिवशी विसरलं जातं. ओतायच्या आधी स्वतः जाऊन पाइप मोजा. नवी खोली उचललेल्या लाकडी जमिनीची असेल तर खालची पोकळी सलग ठेवली की झालं.

असंच भिंतींचं. जुन्या लाकडाला सिमेंटचं प्लास्टर थापायचं नाही, प्लास्टिक गुंडाळायचं नाही, ओल आत अडकते. गिलावा करायचाच तर चुन्याचा करा.

पायरी ८: भिंत उघडणं

कुठली भिंत भार घेते हे वरच्या कड्यांच्या दिशेवरून बरंचसं कळतं, कड्या ज्या भिंतीवर टेकतात ती भाराची. पण जुन्या घरात अंदाजावर जाऊ नका, मध्येच कोणीतरी खांब काढून भार दुसरीकडे दिलेला असतो, त्यामुळे वर चढून बघायलाच लागतं.

भाराइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे डोलणं. आगपेटीचं रिकामं कव्हर बोटाने बाजूला ढकललं की तिरकं होऊन चपटं होतं, पण आतला खोका बसवला की नाही होत. घरात त्या खोक्याचं काम भिंतींमधले तिरके आधार आणि फळ्या करतात. मागची अख्खी भिंत काढून काच लावली की घर त्या बाजूने रिकामं कव्हर होतं, वाऱ्यात किंवा भूकंपात बाजूला झुकायला कोणी अडवत नाही. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी भिंत राखा, किंवा इंजिनिअरकडून स्टीलची चौकट काढून घ्या.

क्रम असा: आधी आतून-बाहेरून टेकू, टेकूखाली भार पसरवायला जाड फळ्या (लाकडी जमिनीवर नुसता टेकू ठेवला तर तो फळी फोडून खाली जातो), मग भिंत कापणं, मग नवे खांब त्यांच्या स्वतःच्या पायावर, मग तुळई, मग पाचरी मारून तुळईने भार घेतला याची खात्री, आणि त्यानंतर टेकू एकेक करून थोडे थोडे सैल. एका दिवसात उरकायची घाई करू देऊ नका. तुळई किती वाकणार हेही इंजिनिअरला विचारा, कारण फोल्डिंग दारं वरच्या तुळईला टांगलेली असतील तर ती १० मिलिमीटर वाकली तरी दारं अडकायला लागतात.

पायरी ९: सांधा

जुन्या आणि नव्या भिंतीमध्ये १५-२० मिलिमीटरची फट ठेवा आणि ती दोन्ही बाजूंनी एका पट्टीने झाका, पट्टी फक्त एकाच बाजूला खिळवायची, म्हणजे दोन्ही भाग सरकले तरी काही फाटत नाही. वरून फ्लॅशिंग, म्हणजे सांध्यावरचं पाणी बाहेर वळवणारी धातूच्या पत्र्याची पट्टी: वरची कड जुन्या घराच्या फळ्यांच्या मागे खोचलेली, खालची नव्या छपरावर आलेली, कारण पाणी नेहमी वरच्या थराच्या पुढून आणि खालच्या थराच्या वरून गेलं पाहिजे. फळ्यांच्या पुढून पत्रा लावून त्यावर सिलिकॉन मारणं हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आहे आणि तो करू देऊ नका, लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, सिलिकॉन काही वर्षांत एका बाजूने सुटतो, आणि मग त्या फटीतून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही.

जुन्याला नवं हुबेहूब जुळवायच्या मागेही लागू नका असं माझं मत. १९६४च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तू जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यात, जुन्या वास्तूंना घातलेली भर ओळखू यावी आणि मूळ रचनेचा तोल बिघडवू नये असं धरलंय, ते स्मारकांसाठी आहे, पण घरालाही पटतं. शिवाय नवीन फळी जुनीसारखी करायला गेलं की दोन वर्षांत रंग वेगळा दिसतोच, त्यापेक्षा सांध्यावर एक सरळ सावलीची रेघ ठेवली तर दोन्ही नीट दिसतात.

पायरी १०: दारं, काच, डेक

रोज वापरायला एक साधं एकटं दार हवंच. सगळी फोल्डिंग दारं उघडायचा सोहळा महिन्यातून चार वेळा होतो, बाकी दिवस माणूस एकच पल्ला उघडून बाहेर जातो. तीन पल्ल्यांच्या स्लायडिंगला दोन भाग उघडे मिळतात आणि डास-माशांची जाळी बसवायला ते सोपं पडतं. खालपर्यंतची काच टफन्ड (फुटली तर बोथट बारीक तुकडे होणारी) किंवा लॅमिनेटेड (फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहणारी) अशीच घ्या. रात्री आत दिवा लागला की काच काळा आरसा होते आणि बाग नाहीशी होते, म्हणून बागेत एक-दोन मंद दिवे लावायची वायर पायाच्या कामातच टाकून ठेवा, नंतर फरशी उकरायला नको. आणि कोपऱ्याला दोन्हीकडून आरपार काच असेल तर पक्षी आपटतात, काचेवर बाहेरून दाट ठिपके किंवा रेघा लावून घ्या.

लाकूड वाळलेलं घ्या. जाडीच्या एका इंचाला साधारण एक वर्ष असा हवेवर वाळवायचा जुना हिशोब आहे. ओलं लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही पण रुंदीत आकसतं, २० सेंटिमीटरची ओली फळी ८-१० मिलिमीटर कमी होऊ शकते. आतल्या फळ्या लावायच्या आधी एक-दोन आठवडे त्याच खोलीत रचून ठेवा. ओक, सीडर अशा लाकडात साधे लोखंडी खिळे काळे डाग पाडतात, औषध मारलेल्या लाकडातही साधं लोखंड लवकर खाल्लं जातं, तिथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू, समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचे, म्हणजे खारी हवा जास्त सोसणाऱ्या प्रकारचे.

डेक, म्हणजे बाहेरचा लाकडी फळ्यांचा ओटा, जुन्या भिंतीला अडकवू नका, त्याला स्वतःचे खांब द्या आणि भिंतीपासून बोटभर फट. भिंतीला खिळलेल्या पट्टीमागेच पाणी साठतं आणि डेक कोसळतात ते बहुतेक त्या पट्टीशीच. फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट, खांबांचे पाय लोखंडी बुटात, जमिनीपासून वर. लाकडाच्या कापलेल्या तोंडातून पाणी सगळ्यात जास्त आत जातं, त्यामुळे प्रत्येक कापावर लगेच तेल किंवा औषध लावायला सुताराच्या हाताशी डबा आणि ब्रश ठेवून द्या, संध्याकाळी एकदम लावू म्हटलं की राहून जातं.

पायरी ११: काम झाल्यावर

पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन आत सांध्याखाली आणि बाहेर फ्लॅशिंगखाली बघा. मॉइश्चर मीटरने आधी जिथे जिथे मोजलं होतं त्याच जागी पुन्हा मोजा, दर तीन महिन्यांनी, निदान वर्षभर. आकडा चढत गेला तर जमिनीखालचे पाइप आणि पन्हळ आधी तपासा. दारं थोडी घासायला लागली तर बिजागऱ्या ॲडजस्ट करा, रंधा लगेच मारू नका, ऋतू बदलला की बरीच आपोआप सैल होतात. आणि त्या सांध्याच्या फटीत वर्षभर काहीही भरू नका, रंगारी पुट्टी भरायला येईलच, त्याला थांबवा. त्याऐवजी पट्टीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने समोरासमोर रेघ मारून तारीख घाला, पुढच्या वर्षी त्या दोन रेघा किती सरकल्या ते मोजा, आणि तो आकडा इंजिनिअरला कळवा.